मोईला आलेली माता

माझ्या बाहेरच्या खोलीत एक चित्र टांगलेलं आहे. येणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे एकदा बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि हवापाण्याचं काहीतरी बोलू लागतो. धीट असतात ते विचारतात. कुणाला ते गाजर वाटतं, कुणाला पडवळ. आमच्या व्याह्यांनी तर हात जोडून ‘शंख का हो हा?’ असं विचारलं होतं. मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो. निमुळतं अंग, अंगभर वळ्या, जाड टोकाला पुढे काढलेले चार पाय आणि शेपटाकडे दोन लांब केस. चित्राखाली नावासाठी एक ओळ सोडलेली आहे. ती कोरी आहे.

चित्र मीच काढलंय. काय काढतोय ते तेव्हाही मला धड समजलं नव्हतं आणि आता समजावून सांगणारा माणूस उरलेला नाही. त्यामुळे त्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे अर्ध्या न कळलेल्या गोष्टी लिहायच्या. तरी लिहितो.

गोंदियाच्या शाळेत मी ड्रॉइंग आणि मराठी शिकवायला गेलो तेव्हा ते तिथे सायन्स शिकवत होते. इंग्रजांचं राज्य होतं, गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं, आणि मी देशावरचा असल्यामुळे तिथलं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. मुलं त्यांना भिंगमास्तर म्हणत. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग असे, आंघोळीलासुद्धा ते काढत नसत अशी वदंता होती. चेहऱ्यावर लहानपणीच्या देवीचे खोल व्रण होते, आणि टोपी नेहमी डोक्यापेक्षा जरा उंच दिसे, कारण टोपीच्या आत पानं ठेवलेली असत. रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तरांनी आमची ओळख करून दिली. मी नमस्कार केला. यांचं लक्ष माझ्या खिशातून डोकावणाऱ्या दात घासायच्या कडुलिंबाच्या काडीकडे. ती त्यांनी खुशाल काढून घेतली, तिला राहिलेली दोन पानं उलटी केली, भिंग लावलं आणि विचारलं, “कुठलं?” मी माझं गाव सांगितलं, तालुका सांगितला.

“तुमचं नाही विचारलं,” ते म्हणाले.

त्यांचं एक पालुपद होतं. ‘आधी वर्णन, मग मत.’ वर्गात पोरगा रडत आला की अमक्यानं मारलं, तर हे विचारणार, कुठल्या हातानं? मूठ होती की पंजा उघडा होता? तेव्हा तू कुठल्या अंगाला वळलेला होतास? सगळं सांगता सांगता पोरगा रडायचं विसरून जाई. एकदा हेडमास्तर स्टाफरूममध्ये येऊन गरजले, “शाळेची शिस्त पार बिघडली आहे.” सगळे माना खाली घालून बसले. भिंगमास्तर शांतपणे म्हणाले, “हे मत झालं साहेब. आता वर्णन करा.” हेडमास्तरांना वर्णन करता आलं नाही आणि त्यानंतर त्यांनी भिंगमास्तरांच्या तासाला फिरकणंच सोडून दिलं.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडवावर जांभळाच्या ओल्या डहाळ्या घातलेल्या. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि हे मागे खुर्चीवर चढून मांडवाचं छत भिंगातून बघतायत. मुलीच्या बापानं खुणेनं खाली उतरा म्हटलं, तर हे मोठ्यानं म्हणाले, “या डहाळीला कोळीकीड आहे.” कीड हा शब्द बायकांनी ऐकला मात्र, मांडवात कालवा झाला. अपशकुन म्हणून नवऱ्याच्या आत्यानं डोळ्यांना पदर लावला. भिंगमास्तरांना वाटलं, लोकांना विषयात रस आहे. त्यांनी भिंग गळ्यातून काढलं आणि आळीपाळीनं बघायला दिलं. नवरदेवानंही बघितलं. लग्न तासभर लांबलं.

ही कोळीकीड म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की माझा गोंधळ पक्का झाला. ती जाळं विणणारा कोळी नव्हे, पण त्याच्या भाऊबंदांतली. कीडही नव्हे, कारण किड्याला सहा पाय. मग कोळीकीड का म्हणायचं, असं विचारलं की ते चिडत. डोळ्याला दिसत नाही इतका हा जीव लहान, झाडाच्या पानाचा रस पिऊन राहणारा, आणि बहुतेकांना आठ पाय. पण त्यातल्या एका घराण्याला चारच. चारच का, असं मी विचारलं. “का ते नंतर. आहेत की नाही ते मोजा,” असं उत्तर आलं.

दर रविवारी ते फुलचूरच्या वाटेनं पायी जात. तिथे एका पोवार पटेलाच्या धानाच्या बांधावर मोईचं मोठं झाड होतं. मोईला कुणी किंमत देत नाही. फांदी कुंपणाला रोवली की रुजते, एवढाच तिचा उपयोग. पण या झाडाची पानं तांबूस पुटकुळ्यांनी भरलेली होती. भिंगमास्तरांनी पुटकुळी चिरली, शाळेतल्या पितळी मायक्रोस्कोपखाली धरली, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझा डबा बाजूला सारून मला ओढत नेलं. “तुमचा हात बरा आहे. काढा.”

मी डोळा लावला. धुकं दिसलं. मग धुक्यात एक गाजर हललं. मी दचकून मागे सरलो, तर ते खूश झाले.

ते चित्र काढता काढता माझ्या कलेची जी दैना झाली ती मी कुणाला सांगितलेली नाही. मी छाया दिली तर ते खोडायला लावत. तोंड जरा रेखीव काढलं तर म्हणत, “गणपती नका काढू, दिसतं ते काढा.” एकदा खांद्याजवळ मी दोन केस काढले, अंग फार उघडं वाटत होतं म्हणून. त्यांनी माझं मनगट धरलं.

“हे केस तुम्हाला दिसले?”

“नाही, पण शोभतात.”

“मास्तर,” ते अगदी हळू म्हणाले, “सगळ्यांना असतात. याला नाहीत. म्हणून तर.”

म्हणून तर काय, हे मला कळायला बराच काळ गेला. नव्या जाती सापडतच असतात, ते म्हणत. जात म्हणजे नुसतं नाव. घरात मूल जन्मलं, नाव ठेवलं. पण त्या नावाच्या वर आडनाव असतं, त्याला ते जीनस म्हणत. आडनाव ठरलेलं असतं, आला तो जीव कुठल्या तरी आडनावात बसवायचा. हा जीव कुठल्याच आडनावात बसत नव्हता. खांद्यावर केस नाहीत, पाठीच्या वळ्या रुंद आणि पोटाच्या बारीक, आणखी काय काय. नवं आडनाव जगाला द्यायचं होतं, आणि ते गोंदियाच्या एका सायन्स मास्तरानं द्यायचं होतं. मी आडनाव कोणतं ठेवणार म्हणून विचारलं. ते लाजले. चाळिशी ओलांडलेला, व्रणांनी भरलेल्या चेहऱ्याचा माणूस लाजताना मी तेव्हा प्रथम पाहिला. “आधी वर्णन,” म्हणाले.

पुढे ते मला त्यांनीच सांगितलं. त्यांचं गाव देवरीकडे, जंगलात. लहानपणी घरात दोघांना देवी आल्या, त्यांना आणि धाकट्या बहिणीला. आईनं दाराला कडुलिंब बांधला, कुणाला आत येऊ दिलं नाही, माता अंगात खेळून राहिली आहे, तिला राग येईल म्हणून औषधाचा थेंबही दिला नाही. हे वाचले. बहीण गेली. तिचं नाव त्यांनी ग्रीक-लॅटिनची काहीतरी शेपटी लावून तयार ठेवलं होतं. मी ते इथे लिहीत नाही. ज्याचं होतं त्याला ठेवता आलं नाही, मी कोण लिहिणार?

कलकत्त्याला या विषयातले एक जाणकार साहेब होते. त्यांना वाळवलेली पानं आणि माझ्या चित्राची नक्कल पाठवायचं ठरलं. स्टेशनवर पार्सल बाबूनं विचारलं, “मास्टरजी, डिब्बे में क्या है?”

“प्राणी,” भिंगमास्तर म्हणाले. खोटं त्यांच्या तोंडातून निघतच नसे.

“जानवर? जिंदा के मुर्दा?”

“बरेचसे मेले असतील. काही सांगता येत नाही.”

“कितने नग?”

“दहा हजार असतील. वीसही असतील.”

बाबूनं लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी ‘सूखे पत्ते’ म्हणून सांगितलं तेव्हा कुठे पार्सल गेलं. भिंगमास्तर परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलले नाहीत. पत्ते हे वर्णन अपुरं होतं.

पावसाळा अर्धा सरला आणि साहेबांचं उत्तर आलं. भिंगमास्तरांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर वाचलं, आम्हाला इंग्रजी कळतं हे विसरून मराठीतही सांगितलं. जीनस नवा दिसतो. पण वाळलेल्या जिवांची अंगं चुरगळली आहेत, तेवढ्यावरून जाहीर करता येणार नाही. ताजे जीव, नर, माद्या, पिल्लं, सगळे स्पिरिटमध्ये घालून पाठवा, आणि त्याच झाडावरचे पाठवा. त्या दिवशी त्यांनी आम्हाला पेढे दिले. पेढ्याखाली मोईचं पान होतं, तेही आम्ही बघावं म्हणून.

रविवारी आम्ही दोघे फुलचूरला गेलो आणि मला वाटलं आपण वाट चुकलो. झाडाच्या बुंध्याला हळद फासलेली. खाली नारळाच्या कवट्या, लिंबाच्या डहाळ्या, ओल्या मातीचा चिखल. बायका रांगेनं तांब्यातून हळदीचं पाणी आणून खालच्या फांद्यांवर शिंपडत होत्या. झाडाच्या अंगावर पुटकुळ्या उठल्या, म्हणजे झाडाला माता आली, इतका सरळ हिशेब होता. शिवाय तिचं कारणही गावाला सापडलं होतं. पटेलांची म्हातारी आई, जिला सगळे बुढीमाय म्हणत, ती आम्हाला बघून हसत पुढे आली.

“या जी मास्तर. तुमच्याच तोंडावरची माता होय. दर आईतवारी तुमी येऊन झाडाले पाहून राहिले, तं ते झाडावर गेली. झाड बी धन्य झालं.”

भिंगमास्तरांचा चेहरा काळाठिक्कर पडला. एरवी ते माझ्याशी पुस्तकी मराठी बोलत, पण चिडले की देवरीकडचे होत. “माता-गिता काई नसते, बुढीमाय! लेकरं मेली त्या मातेपायी!”

“मेली तं मेली. तुमाले तं ठेवलं ना जी?” म्हातारी शांतपणे म्हणाली.

आता पंचाईत अशी की मातेचं पान कुणी तोडू देईना, आणि हळदीच्या पाण्यानं खालच्या फांद्यांवरच्या पुटकुळ्या करपायला लागलेल्या. एका सकाळी हे गुपचूप जाऊन पानं खुडत असताना बुढीमायनं पकडलं. टोपी काढायला लावली. टोपीतून पानं पडली, खिशातून पडली, कानामागूनही एक निघालं.

“मातेले ओरबाडून राहिले का जी? काऊन असं करता? तुमाले ठेवलं तिनं, तेवढ्यानं पोट नाई भरलं का तुमचं?”

हे मला नंतर सांगताना ते रागारागानं भिंग पुसत होते, आणि मी हसू आवरत होतो. मग म्हणाले, “ठीक. दाखवतो.” आणि जे त्यांना सगळ्यात चांगलं जमायचं तेच त्यांनी केलं. एका सकाळी पितळी मायक्रोस्कोप फडक्यात गुंडाळून आम्ही पटेलांच्या ओसरीवर गेलो. पाटावर तो मांडला, आरसा उन्हाकडे फिरवला, पटेलांनीच आपल्या हातानं तोडलेली पुटकुळी चिरून काचेवर ठेवली. माझं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं, काय शोधायचं ते कळावं म्हणून. सगळं गाव ओसरीवर लोटलं.

मी त्यांना शिकवताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण त्या दिवशीसारखे ते कधीच बोलले नाहीत. आधी वर्णन, मग मत. पटेलांनी डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

“हालून राहिले बापा! चारच पाय दिसतेत.”

“चारच!” भिंगमास्तर आनंदानं ओरडले. मग त्यांनी आडनावाचं सांगितलं. पटेल पोवार, माळव्यातून आलेल्या घराण्यांचे. आडनाव, म्हणजे त्यांच्या बोलीत कुर, म्हटल्यावर त्यांना लगेच उमगलं.

“मंजे आमचे छत्तीस कुर, तसा यायचा बी कुर. अना हा कुर कोनाले मालूम नोयता?”

“नव्हता. जगात कुणालाच नव्हता.”

“मंग हा सदतिसावा,” पटेल म्हणाले आणि ओसरी हसली. मी खरं सांगतो, तिथे बसलेल्या एकूण माणसांत जीनस म्हणजे काय हे मला आणि पटेलांना एकाच वेळी समजलं. मी मात्र दीड वर्ष चित्र काढत होतो.

पटेलांनी पुढचे प्रश्न शेतकऱ्यासारखे विचारले. हे येतात कुठून? वाऱ्यावर, भिंगमास्तरांनी अभिमानानं सांगितलं, धुळीसारखे उडतात, एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. बांधालगत माझे आंबे हायेत, त्याईले लागन का? नाही, हा मोईवरच राहणारा जीव आहे. हे पक्कं का? भिंगमास्तर थांबले. खोटं बोलता येत नव्हतं. “अजून तरी तसं दिसलेलं नाही,” म्हणाले.

शेवटी बुढीमाय आली. तिला पाटापाशी बसवलं, तिचा डोळा नळीला लावला. ती खूप वेळ बघत होती.

“जीव हाये,” ती म्हणाली. “केवढी नाजूक हाये. मंजे माताच होय ना जी, बारीक बारीक.”

लोक पुन्हा हसले. पटेलांनी आईला हाताला धरून उठवलं. “माय, मास्तरनं दाखवलं ना? कीडा होय तो. माता नाई.” मग हात जोडून म्हणाले, “मास्तर, डोये उघडले आमचे.” दुसऱ्या दिवसापासून झाडाला पाणी घालणं बंद झालं. भिंगमास्तरांनी रस्ताभर शीळ वाजवली. त्यांना शीळ येते हेही मला तेव्हाच कळलं.

दिवाळीची सुट्टी लागली. ताज्या जिवांसाठी स्पिरिट हवं होतं. गोंदियाच्या औषधाच्या दुकानातलं स्पिरिट त्यांना पसंत नव्हतं, त्यात पाणी आहे असा त्यांचा वहीम. मी मोहाची दारू सुचवली तर ते माझ्याकडे करुणेनं बघत राहिले. नागपूरला कॉलेजातल्या जुन्या ओळखीतून चांगलं स्पिरिट आणि बुचाच्या नळ्या आणायला ते गेले. आले ते थेट स्टेशनवरून माझ्या दारात. नळ्या छातीशी धरलेल्या. “चला, आज.”

आम्ही फुलचूरच्या वाटेनं निघालो. ते पुढे, मी मागे. बांध दिसायला लागला आणि ते थांबले. मी म्हटलं, काय झालं? त्यांनी बोट केलं. मला काही दिसलं नाही. मग लक्षात आलं की दिसायला हवं होतं ते दिसत नव्हतं.

झाड बुंध्यापासून तोडलं होतं. फांद्या एरवी कुंपणाला रोवतात, त्याही ठेवल्या नव्हत्या. सगळं एका ठिकाणी रचून जाळलं होतं. राख अजून मऊ होती. पटेल शेतातूनच हात उंचावत, हसत आले.

“मास्तर, तुमचं काम करून टाकलं जी. पान पान जारलं. तुमी दाखवलं नसतं तं आमी येडे पानीच टाकत राहिलो असतो. कीड होय म्हटल्यावर ठेवायची कायले? उडून आंब्याले गेली असती तं?” मग जरा कौतुकानं म्हणाले, “माय लई रडली. म्या ऐकलंच नाई तिचं. म्हटलं मास्तरनं सांगतलं ते खरं.”

मला वाटलं आता हे पटेलांच्या अंगावर जातील. पण कशावरून जाणार? पटेलांनी त्यांचा शब्द अन् शब्द मानला होता. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी मानला होता. त्यांनी मान डोलावली. “बेस केलं जी,” म्हणाले. खोटं बोलताना मी त्यांना ऐकलं ते एवढंच.

पटेल गेल्यावर ते राखेभोवती फिरले. एकेक काडी उचलून भिंगातून बघितली. मग मला म्हणाले, “काढा.”

“काय काढू?”

“दिसतं ते काढा.”

मी खिशातल्या कागदावर बुंधा काढला, राख काढली. त्यांनी कागद बघितला आणि या वेळी काहीच खोडायला लावलं नाही.

पुढचे महिने त्यांनी मोया शोधण्यात घालवले. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या काठापर्यंत, तिकडे देवरीच्या जंगलापर्यंत, जिथे मोई दिसेल तिथे गेले. त्या दिवसांत मोईला पान नसतं, तरी नागड्या फांद्यांच्या खाचा भिंगातून बघत. काही नाही. कलकत्त्याला कळवलं. साहेबांचं सभ्य उत्तर आलं, की पुन्हा सापडलं तर जरूर पाठवा. पुराव्यादाखल शाळेत उरलेल्या जुन्या काचांमधले जीव विरून गेले होते, नुसते डाग राहिले होते. जगाच्या दृष्टीनं तो जीव आता होता की नव्हता, हे सांगणं कठीण झालं. वर्णन माझ्या चित्रात होतं आणि वर्णनाला धनी नव्हता. वर्गात ते पूर्वीसारखेच शिकवत, पण ‘आधी वर्णन’ म्हणून थांबत, आणि ‘मग मत’ म्हणायचं राहून जाई. मुलं ते पूर्ण करत.

उन्हाळ्यात मी एकदा सकाळी त्यांच्याबरोबर गेलो. मुद्दाम गेलो, कारण ते रोज तिकडे जातात असं कानावर आलं होतं आणि ते मला बोलवत नव्हते. बांधाच्या अलीकडे ते थांबले, चपला काढल्या. मी का म्हणून विचारलं, तर “चिखल असतो,” म्हणाले. तिथे भेगा पडलेली जमीन होती. चिखल फक्त बुंध्याभोवती होता, रोज कुणीतरी पाणी घालत असल्यासारखा. बुढीमाय तिथेच बसली होती, तिच्याजवळ तांब्या. तिनं तो त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी बुंध्यावर पाणी घातलं. पाणी पिवळं होतं.

आता हे मी कसं सांगू? झाडाला धुमारे फुटावेत म्हणून पाणी घालणं हे कुठलाही माणूस करील. बुंध्याला बारीक धुमारे फुटलेही होते. पण पाणी पिवळं का आणि पाय अनवाणी का? हळदीनं तो जीव करपतो हे ते मला स्वतः सांगत आले होते. मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

ते वाकले आणि कोवळं पान उलटून भिंगातून बघायला लागले. पान गुळगुळीत होतं, तेलकट, निरोगी. दुसरं बघितलं. तिसरं. गावानं बघितलं असतं तर म्हटलं असतं, झाड बेस झालं. ते सरळ झाले. व्रणांनी भरलेला तो चेहरा मी इतका रिकामा कधी पाहिला नव्हता.

“काई नाई,” ते म्हणाले. माझ्याशी नाही, तिच्याशी.

बुढीमायनं त्यांच्या कोपराला हात लावला. ज्या लेकानं झाड तोडलं त्याची आई होती ती, आणि ज्यानं तोडायला लावलं त्याला समजावत होती.

“येईल जी. ते कोठी जात नाई. रुसते, मंग येते.”

मला वाटलं आता ते ओरडतील. माता-गिता काही नसतं म्हणतील. मी त्याचीच वाट बघत होतो. त्यांनी भिंग गळ्यात सोडलं, रिकामा तांब्या तिच्या हातात दिला आणि लहान मुलानं आईला विचारावं तसं विचारलं,

“कवा?”